वर गणपती, खाली आर.एस.व्ही.पी.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत सगळ्यात खाली, डाव्या कोपऱ्यात, आर.एस.व्ही.पी. असं छापलेलं होतं आणि त्याच्यापुढं माझ्या थोरल्या दिरांचं नाव. ती पत्रिका चंदगडाकडं माझ्या माहेरी पोचली तेव्हा घरात इंग्रजी वाचणारं एकच माणूस होतं, माझे चुलते. त्यांनी ती चार अक्षरं सावकाश, एकेक करून वाचली. आईनं विचारलं, म्हणजे काय. चुलते म्हणाले, पद्धत असती. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. वर गणपती, खाली आर.एस.व्ही.पी. वरचं देवाचं, खालचं साहेबाचं. दोघांनाही मान द्यायचा आणि मधलं तेवढं वाचायचं, मुहूर्त किती वाजता आणि जेवण कुठं.

मला स्वतःला तर कितीतरी वर्षं वाटायचं की ती दिरांची पदवी आहे. नावाला चिकटून होती, मग दुसरं काय वाटणार? दीर मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलेले, पण सासरच्या माणसाला पदवी कुठनं आणली म्हणून विचारायची सोय नव्हती.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं इंग्रजी मी घरातल्या घरात गोळा केलं. मुलगा शाळेत जायचा तेव्हा त्याच्या पुस्तकातलं, नंतर नातीच्या पुस्तकातलं, आणि मधल्या काळात साबणाच्या कागदावरचं नि औषधाच्या बाटलीवरचं. आता नातीचा कॉलेजातला जाडजूड शब्दकोश माझ्या उशाशी असतो. दुपारची भांडी झाली की मी तो उघडते. बाकीच्या बायका मालिका बघतात, मी शब्दांची माहेरं बघते. त्यात प्रत्येक शब्दापुढं बारीक अक्षरात दिलेलं असतं, की हा मूळचा कुठला. पहिल्यांदा त्यात मला चटणी भेटली तेव्हा परगावच्या स्टँडवर आपल्या गल्लीतली बाई भेटावी तसं झालं. मग काय, लागले की मी शोधायला. पायजमा सापडला, बंगला सापडला. खाट सापडली, ती त्यांनी कॉट म्हणून नेली आणि आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानातनं कॉट म्हणूनच परत घरी आणली. डोक्याची चंपी नेली आणि शाम्पू म्हणून पुडीत भरून आपल्यालाच विकली.

इंग्रजी भाषा मला सतत वाटी घेऊन दारात येणाऱ्या शेजारणीसारखी वाटते. इकडनं साखर, तिकडनं डाळ, पलीकडनं विरजण. पण एक आहे, आपल्यात नेलेली वाटी कुणी रिकामी परत देत नाही, काहीतरी घालूनच देतात, ते तिनंही पाळलं. आपल्याला टेबल दिलं, स्टेशन दिलं, पेपर दिला. आता ते टेबलसुद्धा तिनं फ्रेंचांकडनं आणलेलं, पण आपण कशाला खोलात जायचं. फ्रेंचांच्या दारात तर ती रोजच उभी. मेनू त्यांचा, शेफ त्यांचा, सूप, सॅलड, बुफे, कॅफे, सगळं त्यांचं. रेस्टॉरंट हा शब्दसुद्धा हिचा स्वतःचा नाही. मी एकदा नातीला विचारलं, अगं, या इंग्रजांच्या घरात चूल तरी स्वतःची होती का?

तर ही नात. पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काही वर्षं नोकरी करून यंदा शिमग्याच्या सुमारास ती कोल्हापूरला परत आली. येताना पांढरा कोट आणि पोतंभर फ्रेंच शब्द घेऊन आली. सकाळी कांदे-टोमॅटो चिरून, वाट्यांत भरून, ओळीनं मांडून ठेवायची आणि म्हणायची, आज्जी, याला मीझाँ प्लास म्हणतात. सगळं आधी जागच्या जागी. मी म्हटलं, बाई, मी सून म्हणून या घरात आल्यापासून हेच करतेय. नाव ठाऊक नव्हतं म्हणून कौतुक झालं नाही.

तिला हवी होती आमची पुढची खोली. शिवाजी पेठेतलं आमचं घर लांबोडकं, आणि रस्त्याच्या अंगाला जी खोली आहे तिथं माझ्या मालकांचं सायकलचं दुकान होतं. ते गेल्यावर ती बंदच. नातीच्या मनात तिथं छोटं खाण्याचं ठिकाण काढायचं होतं. पदार्थ आपलेच, पण वाढायचे फ्रेंचांच्या चालीनं, एकामागून एक, मोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध. माझ्या मुलाच्या, म्हणजे तिच्या बापाच्या मनात दुसरंच होतं. एक मोबाईलवाला पावणा खोली भाड्यानं मागत होता. मुलगा तोंडानं फटकळ, पण पोरीवर जीव. तो म्हणाला, एक संध्याकाळ गल्लीला जेवाय घालून दाखव. लोक आले तर खोली तुझी. न्हाय आले तर पावण्याला हो म्हणतो आणि तू गुमान पुण्याची गाडी धर.

तिनं लगेच हात पुढं केला. बापलेकीनं हातावर हात मारला. मी मधे बसून लसूण सोलत होते. पोरीला मी ओळखते. परत गेली असती तर वर्षातनं एकदा तोंड दाखवायला आली असती.

मग तिनं कार्डं छापली. सुरेख झाली होती. खाली तीच चार अक्षरं. मी हरखलेच, जणू जुनं माणूस भेटलं. तेव्हा तिनं मला पहिल्यांदा नीट फोड करून सांगितलं. ते फ्रेंच आहे, आज्जी. रेपाँदे सील व्हू प्ले. म्हणजे, कृपा करून उत्तर द्या, येणार की नाही ते कळवा. इंग्रजांनी ते जसंच्या तसं उचललं. जेवढी उत्तरं येतील तेवढ्याच खुर्च्या मांडायच्या.

"म्हणजे तुझे थोरले आजोबा पदवीधर नव्हते तर," मी म्हटलं.

त्या दुपारी मी शब्दकोश मिटून बराच वेळ विचार करत बसले होते. इंग्रजांकडं काय शब्द नव्हते का, 'कळवा' म्हणायला? होते की. पण पाहुण्याला तोंडावर विचारायचं, बाबा, तू जेवायला येणार का नाही ते एकदाचं सांग, हे त्यांनाही जड जात असणार. अवघड गोष्ट दुसऱ्याच्या भाषेत सांगितली की तोंडाला चटका बसत नाही. आपण नाही का, घर मोडलं म्हणत नाही, डिव्होर्स झाला म्हणतो. माफ कर म्हणताना घशात अडकतं, सॉरी कसं घसरत जातं.

आता उत्तरांचं सांगते. आमच्या पेठेत जेवणाच्या बोलावण्याला कुणी नाही म्हणत नाही. ते बोलावणाऱ्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. म्हणून नाही म्हणायची आमची रीत वेगळी आहे, 'बघू की' म्हणायचं. आणि हो म्हणायचं असेल तर उलट विचारायचं, 'न यायला काय झालं?' हे कळायला इथंच वाढावं लागतं, आणि नात पुण्याला राहून कानानं जरा बधिर झाली होती. ती एकेकाला फोन लावायची आणि विचारायची, काका, तुमचं नक्की धरू ना? पलीकडनं यायचं, आपलंच घर हाय, न यायला काय झालं? ती फोन ठेवून माझ्याकडं बघायची, आज्जी, हे हो आहे की नाही? मी म्हणायचे, पक्कं हो आहे. तिला पटायचं नाही. तिच्या हिशोबात सरळ 'हो' म्हणणारे तिघंच निघाले, तिच्या शाळेतल्या तीन मैत्रिणी. तिनं अंदाजानं दहा-बारा खुर्च्या धरल्या आणि तेवढाच स्वयंपाक धरला. दोन दिवस जेवण कमी झालं तिचं.

आणि त्यात समोरच्या वहिनी. आमच्या दारासमोर दार, सगळ्या गल्लीचा कारभार त्यांच्या पायरीवरनं चालतो. नात कार्ड द्यायला गेली तर त्यांनी ते उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "घरटी एक, का चूलबंद?"

खेड्याकडची ही जुनी भाषा. आवतन दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक म्हणजे घरातलं एक माणूस जेवायला येणार, बाकीचे घरी जेवणार. चूलबंद म्हणजे सगळं घर येणार आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. नातीला यातलं ओ की ठो कळलं नाही. तिनं गोड हसून सांगितलं, सगळेच या. घरी येऊन तिनं हे मला सांगितल्यावर मी कपाळाला हात लावला. म्हटलं, पोरी, तू आख्ख्या गल्लीच्या चुली बंद केल्यास. ती म्हणाली, आज्जी, उत्तर फक्त तिघींचं आलंय, मी उत्तरावर चालणार.

मी वाद घातला नाही. पण दहा-बारा माणसांपुरतं शिजवायला माझा हात मुळातच तयार नाही. त्या दिवशी दुपारी ती पुढच्या खोलीत टेबलांवर फुलं मांडत होती, तेव्हा मी नि सुनेनं मागच्या अंगणात मोठी शेगडी काढली, माहेरच्या तांदळाचा भात टाकला आणि पातेलंभर आमटी केली. वर झाकण, झाकणावर ओलं फडकं. सुनेला सांगितलं, बोलायचं नाही.

संध्याकाळ झाली. पुढची खोली बघण्यासारखी सजली होती. जिथं पंक्चरची पाण्याची घमेली असायची तिथं मेणबत्त्या. नात पांढऱ्या कोटात दारात उभी. मैत्रिणी तिघी वेळेवर आल्या, कोपऱ्यात बसल्या. ठरलेली वेळ झाली. वेळ टळली. आणखी थोडी टळली. बाकीच्या खुर्च्या तशाच. मैत्रिणी मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्या, म्हणजे कुणाकडं बघायला नको. मुलगा आत-बाहेर करत होता. पैज त्यानंच मारली होती, पण जिंकत चालला म्हणून काही त्याचा चेहरा उजळला नव्हता. तेवढ्यात मोबाईलवाल्याचा फोन आला. मुलगा म्हणाला, थांबा पावणं, अर्ध्या तासात सांगतो.

नातीनं ते ऐकलं. तिनं कोटाचं वरचं बटण काढलं आणि परत लावलं.

खरं सांगायचं तर मीही घाबरले. येतील म्हणून मी मनात पक्कं धरलं होतं, भात करून ठेवला होता, आणि गल्लीतनं चिटपाखरू येत नव्हतं. मला वाटलं, आपलंच चुकलं, आता लोक बदलले, 'न यायला काय झालं' याचा अर्थही बदलला असेल. मी जरा वारा घ्यायला म्हणून पायरीवर येऊन उभी राहिले.

आणि माझ्या लक्षात आलं, वास नाही.

त्या वेळेला आमच्या गल्लीत कसं असतं, सांगते. एका घरातनं लसणाची फोडणी, एका घरातनं भाकरी भाजल्याचा वास, कुठंतरी सुकं बोंबील, कुठंतरी कुकरच्या शिट्ट्या. डोळे मिटून चाललं तरी कुणाकडं काय आहे ते कळतं. त्या संध्याकाळी काहीच नाही. गल्ली धुऊन पुसून ठेवल्यासारखी. मग मी डोळे उघडून बघितलं. समोरच्या वहिनी पायरीवर बसलेल्या, पण काठाची साडी, अंबाड्यात गजरा. कोपऱ्यावरचे टेलर इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाच्या दारात उभे, भाभी नवा दुपट्टा घेऊन मागं. त्यांचं धाकटं पोर भुकेनं किरकिरत होतं आणि भाभी त्याला दाबून ठेवत होत्या. जो तो नटून आपापल्या दारात, आणि जो तो आमच्या दाराकडं बघत होता.

मी रस्ता ओलांडून वहिनींकडं गेले. विचारलं, जेवणं झाली का?

"कुठली जेवणं? चूलबंद म्हणून सांगितलंय तुमच्या नातीनं. दुपारपासनं शेगडीला हात लावला न्हाय."

"मग येईना का झालाय?"

"बोलवाय कोण आलं? आवतन मिळालं, व्हय, त्येची तक्रार न्हाय. पण ताटं वाढली, चला, म्हणून कुणी दारात यायला नगं? आपलं आपण जाऊन खुर्चीवर बसायचं, त्ये काय हाटेल हाय?"

"वहिनी, हाटेलच हाय की वो."

"त्ये उद्यापासनं," वहिनी म्हणाल्या. "आज आवतन हाय."

मी तिथंच त्यांच्या पायरीवर बसले, हसू आवरेना म्हणून. आणि जरा स्वतःवरही हसले. माझ्या माहेरी तर हे लहान मूलसुद्धा सांगेल. आवतन आदल्या दिवशी द्यायचं, आणि स्वयंपाक उतरला की घरातलं माणूस परत दारोदार जाऊन सांगतं, जेवायला चला. ते दुसरं बोलावणं आल्याशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही, मग पोटात कावळे ओरडू देत. इतक्या वर्षांची मी, पण पोरीच्या मीझाँ प्लासमध्ये अशी रंगून गेले की हे डोक्यातनंच गेलं. कार्ड गेलं, मेसेज गेला, फोन गेला, आता आणखी काय, असं मीही धरून चालले होते.

घरी येऊन नातीला सांगितलं, आता तू प्रत्येक दारात जा आणि जेवायला चला म्हण. दुसऱ्या कुणी जाऊन चालायचं नाही, यजमान तू.

ती हलली नाही. म्हणाली, आज्जी, मी कार्ड दिलं, फोन केले, लोकांना यायचं नसेल तर दारात जाऊन हात जोडायचे का? मग आवाज एकदम खाली गेला.

"आणि मी गेल्यावरसुद्धा कुणी नाही आलं तर?"

बाप शेजारी उभा होता. तो खिडकीतनं बाहेर बघायला लागला.

"चुली बंद हायत गं त्यांच्या," मी म्हटलं. "जातील कुठं? जा."

ती गेली. पांढऱ्या कोटात, एकटी. मी पायरीवरनं बघत होते. पहिलं दार वहिनींचं. नात काय बोलली ते ऐकू आलं नाही, कारण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनी उठून पदर सावरत रस्त्यात आल्या होत्या. टेलरांनी शटर ओढलं. पुढं पुढं तर तिला कडी वाजवायची गरजच पडेना, दारं आधीच उघडी. ती गल्लीच्या टोकाला पोचली आणि वळून बघते तर मागं सगळी मिरवणूक. टेलरांचं पोर सगळ्यांच्या पुढं.

खुर्च्या दहा-बारा, आणि माणसं खोलीत मावेनात. मुलगा गल्लीतल्या तालमीत गेला आणि तिथली मोठी सतरंजी खांद्यावर टाकून घेऊन आला. ती गल्लीत अंथरली. म्हाताऱ्यांना खुर्च्या, बाकी सगळे खाली मांडी घालून.

नातीचा पहिला पदार्थ होता ओल्या काजूगरांची उसळ. तेवढाच स्वयंपाक सगळ्यांत वाटायचा म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला चार-पाच काजूगर आले, मोठ्या ताटलीत मधोमध, वर कोथिंबिरीचं एक पान. टेलरांनी ताटली वळवून वळवून बघितली.

"बेटा, हे चव बघायला दिलंय, का जेवाय?"

नातीनं सांगितलं, याला ऑर दव्ह्र म्हणतात, खऱ्या जेवणाच्या आधी देतात, भूक लागावी म्हणून. तर वहिनी म्हणाल्या, "भूक आमी घरनंच घेऊन आलोय." सगळी सतरंजी हसली. पण खाल्लं सगळ्यांनी. वहिनींनी शेवटचा काजूगर खाऊन ताटली बोटानं पुसून घेतली आणि विचारलं, आणि हाय का गं?

उसळ संपलेली होती. नात धावत आत आली, चेहरा पांढराफटक. मी अंगणातल्या पातेल्यावरचं फडकं काढलं. वाफ वर आली तशी ती बघतच राहिली.

"आज्जी, हे कधी केलंस?"

"मीझाँ प्लास," मी म्हटलं. "डाव घे हातात."

मग झाली पंगत. पुण्याच्या हॉटेलात म्हणे गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचं नाही, ते असभ्य दिसतं. इथं दोनदा विचारलं नाही तर असभ्य. सुरुवातीला ती भात वाढायची, समोरचा नको म्हणायचा, आणि ही आज्ञाधारकपणे पुढं जायची. वहिनींनी तिला हाक मारून परत बोलावलं. नको म्हणाले म्हणून निघालीस व्हय? त्यानंतर तिचा हात मोकळा झाला.

जेवणं निम्म्यावर आली असतील. मुलगाही एका कडेला पानावर बसला होता. त्याचा फोन वाजला. उजवा हात आमटीत, म्हणून त्यानं डाव्या हातानं उचलला. पावणा असणार हे मला कळलं, नातीलाही कळलं. ती डाव घेऊन त्याच्यापुढंच उभी होती, ती तिथंच थांबली.

मुलानं थोडा वेळ ऐकून घेतलं. सतरंजीवरनं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"बघू की पावणं," तो म्हणाला. "हां. बघू की."

आणि फोन सतरंजीवर पालथा ठेवून खाली मान घालून भात कालवायला लागला.

मी नातीकडं बघितलं. म्हटलं, आता ही मला विचारणार, आज्जी, हे हो आहे की नाही. तिनं काही विचारलं नाही. कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, आमटीचा डाग लावून घेतला, आणि बापाच्या ताटावर वाकली. त्यानं आडवा हात धरला, बास बास, पोट भरलं म्हणाला. तिनं तो हात बाजूला सारला आणि वरनं आणखी एक डाव वाढला.